परतीची वाट

इंटरनेटच्या दोन लाईन घेतल्या की झालं, एक गेली तर दुसरी आहेच, असं मला बरीच वर्षं वाटायचं. त्यात चुकीचं काही नव्हतं पण ते अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं कळायला एक अख्खी रात्र जावी लागली. त्या रात्रीबद्दल बऱ्याच जणांशी बोललोय, लिहिलं मात्र कधीच नाही, म्हणून आज जरा निवांत बसून लिहितोय. जे लोक आत्ता कुठे दुसरी लाईन घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी तरी वाचावं असं मनापासून वाटतं.

तेव्हा ऑफिसचं नेटवर्क मी एकटा सांभाळायचो. दोन प्रोव्हायडर होते. पहिल्याची लाईन जाड आणि तिच्यासोबत ३२ आयपी पत्त्यांचा पूल, म्हणजे साठा, दुसऱ्याची बारीक आणि तिच्यासोबत ८ पत्ते. राउटरवर दोन डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर पडायच्या ठरलेल्या वाटा, टाकलेले, एक पुढे आणि एक मागे राखीव, पहिला मेला की दुसरा आपोआप वर येणार. आतली माणसं ज्या लाईनने बाहेर पडतील त्या लाईनच्या पूलमधला पत्ता नॅट करून, म्हणजे त्यांच्या आतल्या पत्त्याच्या जागी, त्यांना चिकटवायचा, बस. दिवसाढवळ्या चाचणी पण केली होती, सगळ्यांसमोर केबल काढली, ब्राउझरमध्ये पान उघडून दाखवलं, सगळे खूश, मी पण खूश.

मग एके रात्री अकराच्या सुमारास पहिली लाईन खरोखरच गेली. राउटरने त्याचं काम चोख केलं, दुसरी लाईन वर आली. मी घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायला व्हीपीएन लावायला गेलो तर लागेना, कारण व्हीपीएनचा पत्ता पहिल्या पूलमधला. मेल सर्व्हरचा पत्ता पहिल्या पूलमधला, वेबसाईटचा पण पहिल्याच पूलमधला. बरं, डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदींमध्ये, पत्ते बदलून टाकू म्हटलं तर त्या नोंदी सांगणारे आमचे दोन्ही नेमसर्व्हर त्याच पूलमध्ये बसलेले, म्हणजे बदललेलं जगाला सांगणार कोण, आणि आधीच्या नोंदींचा टीटीएल, म्हणजे उत्तर लक्षात ठेवायची मुदत, ८६४०० सेकंद, म्हणजे ज्यांनी सकाळी आमचा पत्ता विचारून ठेवलाय ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत विचारायला येणारच नाहीत. गाडी काढली आणि ऑफिस गाठलं.

तिथे सर्व्हर रूममध्ये उभं राहून जे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे. लॅपटॉप आतल्या नेटवर्कला लावला तर सगळं व्यवस्थित चालू, पानं उघडतायत, फाईल उतरतायत. दुसऱ्या हातात मोबाईल, त्याच्या डेटावरून आमचाच पत्ता पिंग केला तर काहीच नाही. राउटरच्या दुसऱ्या पोर्टवर येणारी पॅकेट्स बघत बसलो, पहिल्या पूलसाठी निघालेलं एकही पॅकेट तिथे येत नव्हतं, एकसुद्धा नाही. आतनं बघावं तर आम्ही आहोत आणि बाहेरनं बघावं तर आम्ही नाहीच. जग आमच्याकडे यायला निघत होतं, पहिल्या प्रोव्हायडरच्या दारापर्यंत येऊन तिथे संपत होतं, कारण तो पत्ता त्याचा होता आणि त्या पत्त्याकडे जायची तेवढी एकच वाट जगाला माहीत होती.

मग मी एक खटपट केली, पहिल्या पूलचा पत्ता तसाच ठेवून पॅकेट दुसऱ्या लाईनने बाहेर ढकलायला गेलो. दुसऱ्या प्रोव्हायडरने ती सगळी गिळून टाकली. त्या वेळी फार राग आला होता. आज वाटतं त्याचंच बरोबर होतं, जो पत्ता त्याने आम्हाला दिलेलाच नाही तो लावून आम्ही पॅकेट पाठवत होतो, आणि असं कोणीही कोणाच्याही नावाने पाठवायला लागलं तर खोट्या पत्त्यांवरून होणारे हल्ले थांबवणार कसे. २००० सालच्या मे महिन्यातल्या आरएफसी २८२७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालावं ते सांगणारे दस्तऐवज) नेमकं हेच सांगितलंय, की गिऱ्हाईकाकडून येणाऱ्या पॅकेटवरचा पत्ता तपासा, त्याचा नसेल तर आत घेऊ नका. आणि समजा गिळली नसती तरी काय झालं असतं, उत्तरं परत त्या मेलेल्या लाईनकडेच गेली असती ना.

लाईन सकाळी सहाच्या सुमारास आली. तोपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. पॅकेट काही 'जातो' म्हणून निघत नाही, 'येतो' म्हणून निघतं, त्याच्यावर आपला पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर उत्तर यायचं असतं. मी सगळी तयारी जाण्याची केली होती, येण्याचा विचारच केला नव्हता.

त्यानंतर आम्ही लगेच बीजीपीकडे, म्हणजे आपले पत्ते आपणच जगाला सांगायच्या पद्धतीकडे, उडी मारली असं नाही. आधी होतं तेच नीट केलं. दोन नेमसर्व्हर दोन वेगवेगळ्या पूलमध्ये नेले, टीटीएल ३०० सेकंदांवर आणला, मेलसाठी दुसऱ्या पूलमधला पत्ता दुसरी एमएक्स नोंद (मेल कुठे द्यायची ते सांगणारी) म्हणून लावला आणि त्याचा रिव्हर्स डीएनएस आणि एसपीएफ, म्हणजे हा पत्ता कोणाचा आणि त्यावरून आमची मेल येऊ शकते हे सांगणाऱ्या नोंदी, पण जुळवून घेतल्या, नाहीतर त्या पत्त्यावरून गेलेली मेल समोरचे बिनदिक्कत स्पॅममध्ये टाकतात. राउटरवर नियम घातला की पहिल्या पूलचा पत्ता असेल तर पहिल्याच लाईनने बाहेर, दुसऱ्याचा असेल तर दुसऱ्याच. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांच्याकडे बाहेरून कोणी फारसं येत नाही, माणसं फक्त आतून बाहेर जातात, त्यांनी इथेच थांबावं. बीजीपी हा मिरवायचा दागिना नाही, ती रोजची जबाबदारी आहे आणि आपण चुकलो तर त्याचा त्रास फक्त आपल्याला होत नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

पण आमच्याकडे बाहेरून येणारे खूप होते. आणि लाईन बदलली की चालू असलेली प्रत्येक जोडणी तुटायचीच, कारण टीसीपीची जोडणी दोन पत्ते आणि दोन पोर्ट या चौघांनी बांधलेली असते, त्यातला एक पत्ता बदलला की समोरच्याच्या दृष्टीने तुम्ही अनोळखी. बोलता बोलता कॉल तुटायचे, अर्ध्यात आलेल्या फाईली जायच्या. यावर औषध एकच, लाईन बदलली तरी पत्ता तोच राहिला पाहिजे. म्हणजे पत्ता प्रोव्हायडरचा नको, किंवा त्याचा असला तरी तो दोन्हीकडून जगाला सांगता आला पाहिजे.

आणि हे जे जगाला सांगणं आहे ना, तेच बीजीपी. जानेवारी १९८९ मध्ये सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी एका बैठकीच्या वेळी जेवता जेवता कागदी नॅपकिनवर त्याचा आराखडा काढला आणि त्याच वर्षी जूनमध्ये आरएफसी ११०५ म्हणून तो आला. पुढे सुधारणा होत होत आज चौथी आवृत्ती चालते, तिचा सध्याचा दस्तऐवज २००६ चा. तिच्या मुळाशी फार साधी गोष्ट आहे, प्रत्येक नेटवर्क आपल्या शेजाऱ्याला सांगतं की हे पत्ते माझ्याकडे आहेत, आणि हे अमक्यातमक्याकडे आहेत पण माझ्यामार्फत पोचता येतील, आणि शेजारी ते पुढे सांगतो. वर बसून सगळ्यांना वाटा आखून देणारा कोणी नाही. सगळं सांगण्यावर आणि ऐकण्यावर चालतं, आणि बराच काळ तर नुसत्या विश्वासावर चाललं. मला आजही याचं मनापासून आश्चर्य वाटतं.

आम्ही एएस नंबर घेतला, म्हणजे बीजीपीमध्ये आपल्या नेटवर्कची ओळख असलेला आकडा. पत्त्यांचं जरा अवघड होतं. जग सहसा /२४ पेक्षा लहान तुकडा ऐकून घेत नाही, म्हणजे २५६ पत्ते (रेघेनंतरचा आकडा जितका लहान तितका तुकडा मोठा), मग तुमची गरज तीसची का असेना. आणि आयपीव्ही४ चे पत्ते आता सहजासहजी मिळत नाहीत, जागतिक पातळीवरचा साठा ३ फेब्रुवारी २०११ लाच वाटून संपला. म्हणून सुरुवातीला पहिल्याच प्रोव्हायडरकडून एक पूर्ण /२४ घेतला आणि तो दुसऱ्याकडूनही अनाउन्स करायला, म्हणजे जगाला सांगायला, पहिल्याचं परवानगीचं पत्र घेतलं.

पहिलं सेशन, म्हणजे प्रोव्हायडरच्या राउटरशी बीजीपीची जोडणी, वर आलं तो दिवस लख्ख आठवतो. राउटरवर स्थिती दिसते ना, आयडल, मग कनेक्ट, मग ॲक्टिव्ह, आणि नवीन माणूस इथेच फसतो, ॲक्टिव्ह वाचून वाटतं चालू झालं, खरं तर त्याचा अर्थ अजून जोडणी लागलेली नाही, प्रयत्न चाललाय. मी पाऊण तास ॲक्टिव्हकडे बघत बसलो होतो, शेवटी लक्षात आलं की मधल्या फायरवॉलमध्ये टीसीपी पोर्ट १७९ बंद आहे. ते उघडलं आणि मग ओपनसेंट, ओपनकन्फर्म, एस्टॅब्लिश्ड, आणि लगेच समोरून वाटा यायला लागल्या, आकडा हजारांनी वाढत गेला. आज पूर्ण आयपीव्ही४ टेबल दहा लाखांच्या आसपास आहे. एवढ्या वाटा, आणि प्रत्येकीच्या मागे कोणीतरी माझ्यासारखा बसलेला माणूस, ज्याने आपला पत्ता जगाला सांगितलाय. मी मोबाईलच्या डेटावरून आमचा पत्ता ट्रेस केला आणि तो पहिल्यांदा दुसऱ्या प्रोव्हायडरच्या वाटेने आत आलेला बघितला, तेव्हा त्या रात्रीचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी बारीक लाईन गच्च भरली. येणारं सगळंच्या सगळं दुसऱ्या प्रोव्हायडरकडून यायला लागलं आणि जाड लाईन रिकामी. दोन दिवस मी माझ्याच कॉन्फिगमध्ये चूक शोधत होतो आणि चूक तिथे नव्हतीच. झालं होतं असं की पहिला प्रोव्हायडर आमचा /२४ वेगळा सांगतच नव्हता, तो त्याच्या मोठ्या /२० मध्ये आहेच की, वेगळा कशाला सांगायचा, म्हणून त्याने तो आत गुंडाळून टाकलेला. दुसरा मात्र नेमका /२४ सांगत होता. आणि राउटरचा नियम असा की जास्त नेमका पत्ता, म्हणजे लहान तुकडा, जिंकतो, मग वाट लांबची असो, लाईन बारीक असो, त्याला काही घेणंदेणं नाही. पहिल्याला फोन करून, परत मेल करून, परत फोन करून समजावलं की बाबा तू पण /२४ वेगळा सांग, तेव्हा कुठे भार वाटला गेला.

म्हणून सांगतो, बाहेर जाताना आपलं राज्य असतं. लोकल प्रेफरन्स, म्हणजे कुठली वाट जास्त पसंत हे सांगणारा राउटरमधला आकडा, बऱ्याच राउटरवर मुळात १०० असतो, ज्या लाईनने जायचं तिचा २०० केला की सगळं तिकडनं. येताना मात्र आपण फक्त विनंती करू शकतो, ठरवणारे दुसरे असतात. आम्ही बारीक लाईनवर प्रीपेंड केलं, म्हणजे आपलाच एएस नंबर तीन वेळा जास्तीचा लावून वाट मुद्दाम लांब दाखवली. बराचसा ट्रॅफिक हलला, पण एक हिस्सा हलेचना, तीनाचं पाच केलं तरी हलेना. तो सगळा दुसऱ्या प्रोव्हायडरच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांकडून येत होता. कारण वाट किती लांब हे बघायच्या आधी प्रोव्हायडरचा राउटर लोकल प्रेफरन्स बघतो, आणि तो प्रेफरन्स पैशाने ठरतो, गिऱ्हाइकाकडून ऐकलेली वाट सगळ्यात वर, बरोबरीच्या शेजाऱ्याकडून ऐकलेली त्याखाली, आणि ज्याला आपण पैसे देतो त्याच्याकडून ऐकलेली सगळ्यात शेवटी. आम्ही त्याचे गिऱ्हाईक, मग तो आमच्याकडे थेटच येणार, आम्ही किती का लांब दिसेना. त्यावर उपाय म्हणजे कम्युनिटी, आपल्या अनाउन्समेंटला एक खुणेचा आकडा जोडायचा आणि प्रोव्हायडरने तो वाचून आपला प्रेफरन्स खाली आणायचा, अर्थात त्याने तशी सोय ठेवली असेल तरच. तेव्हापासून कुठल्याही नवीन प्रोव्हायडरला स्पीडच्या आधी मी त्याच्या कम्युनिटींची यादी मागतो. ज्याच्याकडे ती तयार नसते त्याच्याशी पुढचं बोलणं मी लांबवत नाही.

आता ती जबाबदारीची गोष्ट. दुसरं सेशन लावताना मी बाहेर जाणाऱ्या वाटांवर फिल्टर लावला नव्हता. आपलं काय, एकच /२४, असं वाटलं. पण राउटर तसा विचार करत नाही, एकाकडून ऐकलेलं दुसऱ्याला सांगणं हेच त्याचं काम, आणि आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काही न सांगता सोडलं की तो सगळं सांगायचा. त्याने पहिल्याकडून आलेलं अख्खं टेबल दुसऱ्याला सांगायला सुरुवात केली, म्हणजे संपूर्ण इंटरनेटकडे जायची वाट आमच्या त्या छोट्याशा ऑफिसातून आहे असं आम्ही जाहीर करत होतो. दुसऱ्या प्रोव्हायडरने आमच्यावर प्रिफिक्सची, म्हणजे पत्त्यांच्या तुकड्यांची, मर्यादा लावलेली होती, दहा का वीस, ती ओलांडताक्षणी त्याने सेशन तोडलं, म्हणून बाहेर काही गेलं नाही. नंतर त्यांच्या इंजिनिअरचा फोन आला, तो शांतपणे बोलला, पण माझे हात थंड पडले होते. ती मर्यादा नसती तर कोणाकोणाची पॅकेट्स आमच्या लाईनमध्ये येऊन गुदमरली असती याचा विचार आजही नकोसा वाटतो.

कारण हे खरंच घडतं. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला देशात यूट्यूब बंद करायचं होतं, म्हणून त्यांनी यूट्यूबच्या /२२ मधला एक /२४ आपल्याकडे वळवला, आणि ती वाट चुकून त्यांच्या वरच्या प्रोव्हायडरला गेली आणि त्याने ती न तपासता पुढे सांगितली. जास्त नेमका पत्ता जिंकतो तो नियम इथेही तसाच लागू, आणि साधारण दोन तास जगातल्या बऱ्याच ठिकाणांहून यूट्यूबकडे निघालेलं भलतीकडेच जात होतं. २०१७ च्या आरएफसी ८२१२ ने ठरवलं की धोरण लिहिलेलं नसेल तर बाहेरच्या शेजाऱ्याकडून राउटरने काही ऐकू पण नये आणि त्याला काही सांगू पण नये. माझ्या मते हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

पुढे आम्हाला आमचा स्वतःचा /२३ मिळाला आणि आरपीकेआय पण आलं, म्हणजे हा पत्ता अमुक एएस नंबरच सांगू शकतो अशी सही केलेली नोंद, तिला आरओए म्हणतात. मी मोठ्या उत्साहाने केली, /२३, आणि कमाल लांबी पण २३. काही महिन्यांनी भार वाटायला म्हणून त्यातला एक /२४ एका बाजूने वेगळा सांगितला आणि विचित्रच प्रकार दिसायला लागला, काही नेटवर्क नव्या वाटेने यायची, काही जुन्याच. जी नेटवर्क आरओए तपासतात त्यांच्या दृष्टीने तो /२४ बेकायदा होता, कारण मीच सही करून सांगितलं होतं की २३ पेक्षा बारीक काही येणार नाही. त्यांनी तो टाकून दिला आणि /२३ च्या वाटेने येत राहिले. नोंद मी दुरुस्त केली नाही, तो /२४ च मागे घेतला. तुकडे पाडले की भार छान वाटला जातो हे खरंय, पण आपली प्रत्येक जास्तीची वाट जगातल्या प्रत्येक पूर्ण टेबलवाल्या राउटरची मेमरी खाते. १२ ऑगस्ट २०१४ ला टेबल ५१२ हजारांच्या वर गेलं तेव्हा जागा संपून कितीतरी जुने राउटर अडखळले होते. आपली सोय दुसऱ्याच्या मेमरीत साठवायची नाही, निदान गरज नसताना तरी नाही, असं मी तेव्हा ठरवलं आणि अजून पाळतोय.

एवढं सगळं करूनही एकदा दोन्ही लाईन एकदम गेल्या. खोदकामात एकच डक्ट तुटला आणि दोघांच्या फायबर त्याच डक्टमध्ये होत्या. दोन प्रोव्हायडर, दोन बिलं, दोन एएस नंबर, आणि जमिनीखाली एकच पाईप. बीजीपीला जमिनीखालचं काही दिसत नाही. आता आम्ही दोघांकडून फायबरचा नकाशा मागवतो आणि एकमेकांवर ठेवून बघतो, आणि इमारतीत शिरायची जागा पण वेगळी आहे का ते स्वतः जाऊन बघतो, कारण तुटलेल्या त्या डक्टचा शेवटचा टप्पा आमच्याच भिंतीपाशी होता.

अजून एक, लाईन मरते तेव्हा दरवेळी दिवा विझतोच असं नाही. मध्ये कुठेतरी स्विच असेल तर आपल्या पोर्टचा दिवा हिरवाच राहतो, आणि पलीकडे सगळं मेलेलं असतं. मग बीजीपीला कळायला होल्ड टायमर, म्हणजे शेजाऱ्याकडून काही ऐकू येईना तरी वाट बघायची मुदत, संपावा लागतो, काही राउटरवर तो १८० सेकंद असतो, म्हणजे तीन मिनिटं आपण खड्ड्यात पॅकेट टाकत राहतो. आम्ही दोन्हीकडे बीएफडी, म्हणजे पलीकडचा जिवंत आहे का हे सतत विचारणारी सोय, लावून घेतलं, दर ३०० मिलिसेकंदाला एक हाक, तीन हाकांना ओ आली नाही की सेशन खाली.

दर तीन महिन्यांनी आता आम्ही मुद्दाम एक लाईन पाडतो. आधी ग्रेसफुल शटडाऊनची कम्युनिटी लावायची, ६५५३५:०, म्हणजे समोरचा आमच्या वाटेचा प्रेफरन्स खाली आणतो, इकडे आपलंही बाहेर जाणं दुसऱ्या लाईनवर वळवायचं, मग पाच मिनिटं थांबून ट्रॅफिकचा आलेख खाली येताना बघायचा, आणि मग सेशन बंद. मागच्या वेळी आमची एक सहकारी मुद्दाम बाहेरून कॉलवर होती, मी तिला म्हटलं की आवाज तुटला की सांग. मी सेशन बंद केलं, येणारा आलेख पहिल्या लाईनवर शून्याला टेकला, दुसरीवर चढला, आणि ती तशीच बोलत होती. शेवटी तिनेच विचारलं, "अरे, कधी करतोयस?"

त्यानंतर एकदा न सांगता केबल उपटून पण बघितली. तेव्हा मात्र दोन-तीन सेकंद आवाज गेला आणि परत आला, कॉल तुटला नाही. आयपीव्ही६ ची, म्हणजे नव्या प्रकारच्या लांब पत्त्यांची, चाचणी त्या दिवशी पास झाली नाही, दुसऱ्या प्रोव्हायडरने आमचा /४८ अजून त्याच्या फिल्टरमध्ये घेतलेला नाही. त्याला मेल करून झालीय, आता सोमवारी फोन करायचाय.